वाचकांचे प्रश्न : सूचौच्या भाजीबाजारात

प्रश्न : पतींच्या बदलीमुळे पुढील महिन्यात मी दोन वर्षांसाठी चीनमधील सूचौ शहरात जाणार आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. भाषा येत नसताना घर कसे चालवावे आणि शेजारी आपल्याला जवळ करतील का, या विचाराने झोप लागत नाही.
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपली चिंता मी जाणते, कारण लग्नानंतर मीही शांघायजवळ चार वर्षे संसार केला आहे. वडोद्यातील आपल्या आज्या-पणज्या घरात मराठी ठेवून बाजारात गुजराती बोलू लागल्या, त्या व्याकरण शिकून नव्हे, तर रोजच्या गरजेतून. आपणही बाजारापासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

कागदपत्रे पतींच्या कंपनीकडून करून घ्या : घरात राहायला गेल्यापासून 24 तासांत पोलीस चौकीत नोंदणी आणि देशात आल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. माहेरशी बोलण्याची सोय मात्र निघण्यापूर्वीच करावी. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप अडवलेले आहे, आणि तेथील सारे व्यवहार ज्या वीचॅटवर चालतात त्यावर भारतात 2020 पासून बंदी आहे. म्हणून भारतीय सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवा, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप सहसा चालते.

जेवणाबाबत अधिक दक्षता हवी. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे म्हटल्याने काम भागत नाही, कारण पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा मांसाच्या रश्शात शिजवलेली असू शकते आणि वाढणाऱ्याला त्यात काही चुकले असे वाटत नाही. चरबी आणि रस्सा दोन्ही नको, असे चिनी लिपीत लिहवून घेतलेला कागद जवळ बाळगा. बौद्ध परंपरेच्या शाकाहारी भोजनालयांत मात्र निर्धास्त जेवता येते. त्यांतील कित्येक ठिकाणी कांदा-लसूणही वापरत नाहीत.

शेजाऱ्यांविषयी म्हणाल, तर जुन्या पिढीतील माणसे भेटल्यावर ‘छ्र ला मा’, म्हणजे जेवलात का, असे विचारतात, आणि हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. वय, मुले, पगार यांची चौकशीही होईल. तिला आगाऊपणा समजू नका. वयस्क बाईंना ‘आयी’ म्हणावे. या शब्दाचा अर्थ मावशी असा आहे, पण तो प्रथम उच्चारताना माझा कंठ दाटून आला होता.

पहिल्या आठवड्यापासून एकाच भाजीवालीकडे, शक्यतो एकाच वेळी, जात राहा. ती सूचौची बोली बोलत असेल, तर पुस्तकातील चिनीही कमी पडेल; तेव्हा हाताच्या खुणा कामी येतात. अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ. पाटीवरील भाव बहुधा ‘चिन’चा, म्हणजे अर्ध्या किलोचा असतो, हे लक्षात ठेवूनच वजन सांगा.