गणितात पीएच.डी.ला आलेली पहिल्या पिढीतली मुलं मध्येच सोडून जाऊ नयेत म्हणून विभागाने काय करावं?

तुम्ही नुकत्याच गाइड झालात. यंदा आलेल्या मुलांपैकी काही घरातली पहिलीच पदवीधर, मराठी माध्यमातली, राखीव जागांवरची आहेत आणि ती कोर्सवर्कमध्येच, म्हणजे संशोधनाआधीच्या वर्गांत आणि परीक्षांतच गळतील, अशी तुम्हाला धास्ती आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून याच वाटेने आलो आणि आज गाइड आहे, म्हणून लिहितोय.

या मुलांसाठी वेगळा रेमेडियल वर्ग काढू नका. नेट किंवा सेट काढून आलेलं पोर कच्चं नसतं. त्याने बी.एस्सी., एम.एस्सी. अपेक्षित प्रश्नांवर केलेली असते, कारण पेपर तसेच निघतात. सिद्धता स्वतः उभी करायची सवय तेवढी राहून गेलेली असते, आणि ती एकट्याने खोलीत बसून लागत नाही.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात युरी ट्राइझमन यांनी कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं का मागे पडतात ते जवळून पाहिलं. मेहनत कमी नव्हती. पण ही मुलं एकेकटी अभ्यास करत, तर चिनी वंशाची मुलं जमून एकमेकांची गणितं तपासत. मग त्यांनी नेहमीपेक्षा अवघड गणितं गटात सोडवायला दिली आणि निकाल पालटला. अमेरिकेतच सिल्विया बोझमन आणि रोंडा ह्यूजेस यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला ‘एज’ हा उपक्रमही पीएच.डी.ला निघालेल्या मुलींना आदल्या उन्हाळ्यात एकत्र बसवून अ‍ॅनालिसिस आणि अल्जिब्रा करायला लावतो.

आमच्याकडे आठवड्यातली एक दुपार खडू मुलांच्या हातात असतो. बंद अंतरालावरचं संतत फल युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, म्हणजे किती जवळ राहायचं ते अंतर, डेल्टा, सगळ्या बिंदूंना एकच पुरतं, ही सिद्धता एका मुलीच्या वहीत अक्षरन् अक्षर बरोबर होती. तिला म्हटलं, आता शून्य ते एक या खुल्या अंतरालावर एक भागिले एक्स घे आणि हीच सिद्धता चालवून बघ. ती एकेका बिंदूचा डेल्टा काढत शून्याकडे सरकत गेली, डेल्टा बारीक होत गेला, आणि थांबून म्हणाली, “सर, इथे सगळ्यांत लहान डेल्टा मिळतच नाही.” कॉम्पॅक्टनेस, म्हणजे बंद अंतरालाचा नेमका जो गुण इथे नाही तो, कशासाठी लागतो हे तिचं तिने शोधलं होतं, तेही मराठीत बोलत. फळ्यापाशी मुलांना मराठीतच बोलू द्या. इंग्रजी लिखाण त्यानंतर बसून दुरुस्त करता येतं.

पैशांचं मात्र पहिल्याच महिन्यात बघा. जेआरएफचे, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या फेलोशिपचे, महिना ३७,००० रुपये कागदावर दिसतात, पण पहिला हप्ता यायला कित्येक महिने जाऊ शकतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी तर मुलांना आंदोलनं करावी लागली आहेत. तोवर मेसचं बिल थकतं, मुलगा एखाद्या खासगी क्लासला शिकवायला लागतो आणि कोर्सवर्क बुडतं. ट्युटोरियल घेण्याचं मानधन, हॉस्टेलच्या डिपॉझिटला मुदत, एवढं विभागाच्या हातात असतं. फेलोशिपच्या कागदांवर तुमची सही त्याच दिवशी झाली पाहिजे.

“कुठल्या कॅटेगरीतून आलास?” हा प्रश्न विभागात कुणीही विचारता कामा नये, हे विभागप्रमुखांकडून सगळ्यांसमोर सांगून घ्या. एका प्रश्नाने मुलं वर्षभर गप्प होतात, आणि जो गप्प झाला तो सेमिनारमध्ये शंका विचारत नाही.

नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या अ‍ॅन्युअल फाउंडेशन स्कूलना या मुलांना जरूर पाठवा. तिथे व्याख्यानांबरोबर ट्युटोरियलही असतात, शिवाय देशभरातली समवयस्क मुलं भेटतात. शक्यतो दोघांना बरोबर पाठवा, म्हणजे परत आल्यावर फळ्यापाशी जोडी तयार असते. एम.एस्सी.ची मुलं हाताशी असतील तर त्यांना एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या उन्हाळी गणित प्रशिक्षणाचा अर्ज आत्ताच भरायला सांगा.