इन्युलिन घेतलं म्हणून आइस्क्रीम माफ होत नाही

भाऊ, तुम्ही विचारलंय की शुगर फ्री आइस्क्रीमच्या डब्यावरचं आयएनएस ४६६ (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) घातक आहे का, आणि रोज दोन मोठे चमचे इन्युलिन, म्हणजे एका प्रकारच्या फायबरची पावडर घेतल्यानं त्याचा परिणाम पुसला जाईल का. शिवाय पावडर सुरू केल्यापासून पोट फुगतंय.

४६६ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण मोठे होऊ नयेत म्हणून घालतात. २०१५ च्या उंदरांवरच्या प्रयोगात त्यानं आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्म्याचा थर पातळ झाला आणि जिवाणू अस्तराला येऊन भिडले. २०२२ मध्ये माणसांवरचा छोटा प्रयोग छापून आला. एकूण १६ निरोगी लोक, त्यांतल्या काहींना ११ दिवस रोज १५ ग्रॅम दिलं. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता घटली, पण श्लेष्म्यात जिवाणू घुसलेले दिसले ते दोघांतच.

आता हिशेब करा. आइस्क्रीममध्ये सगळे स्टॅबिलायझर मिळून साधारण अर्धा टक्का. म्हणजे १५ ग्रॅमसाठी रोज तीन किलो खावं लागेल, आणि नागपूरच्या मे महिन्यातही तेवढं कोणी खात नाही. म्हणून महिन्यातून दोन-चार कपांना मी घाबरणार नाही. रोजचा डबा मात्र बंद करा, कारण ११ दिवसांच्या प्रयोगावरून वर्षानुवर्षांचं काही कळत नाही. त्यात सुक्रालोज, म्हणजे साखरेऐवजी घालतात ती कृत्रिम गोडी, असेल तर तेही बघा. काही लोकांत त्यानं जिवाणू बदलतात आणि जेवणानंतरची साखर जास्त चढते.

आयएनएस आकडा दिसला की विष, असंही नाही हां. ४४० म्हणजे पेक्टिन, आपल्या संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात भरपूर असतं तेच.

आइस्क्रीमनं केलेलं नुकसान इन्युलिननं धुऊन निघत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि अस्तरातल्या पेशी त्यावर जगतात. फायबर मिळालं नाही तर काही जिवाणू श्लेष्माच खायला लागतात, हे उंदरांत दिसलंय. म्हणून फायबर हवंच, आइस्क्रीम खा किंवा नका खाऊ.

फुगण्याचं कारण मात्र साधं आहे: पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे! अर्ध्या छोट्या चमच्यावर या, आठवड्यागणिक थोडं वाढवा, पाणी प्या. खरं तर पावडरीची गरजच काय? तर्री पोह्यांतल्या चण्यात रॅफिनोज आहे, वरच्या कच्च्या कांद्यात फ्रुक्टन. दोन्ही जिवाणूंचं खाद्य, आणि इन्युलिनही फ्रुक्टनच्याच घराण्यातलं. तर्रीवरचा तेलाचा तवंग तेवढा बाजूला सारा. जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, म्हणजे जिवाणूंना एकाच पावडरीऐवजी चार तऱ्हेचं खाद्य मिळतं. आयबीएस (वारंवार पोट बिघडवणारा आतड्याचा त्रास) असेल तर मात्र कांदा-चणाही त्रास देतील, तिथे बेतानं.

शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरला दाखवा, फायबरचं नंतर बघू.