जुनं रॉक, नवे कान: वाचकांचे प्रश्न

साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या रॉकबद्दल या वेळी आईवडिलांनीही लिहिलं आहे आणि मुलांनीही. पत्रं वाचताना एक गोष्ट सतत जाणवली. नव्या श्रोत्यांना जे खटकतं, त्यातलं बरंचसं गाण्यात नसतंच. ते गाणं ज्या रीतीनं त्यांच्यापर्यंत पोचतं त्यात असतं. म्हणून उत्तरांत आवडीनिवडीइतकंच सेटिंग्जबद्दलही लिहिलं आहे.

प्रश्न: सतरा वर्षांच्या मुलाला मी माझ्या आवडीचं जुनं रॉक ऐकवतो. त्याचं एकच पालुपद, ‘बाबा, याचा आवाज पातळ आहे.’ मला तर तो भरदार वाटतो. कोणाचे कान बरोबर?

दोघांचेही. त्याला ऐकू येतो तो फरक खरा आहे आणि त्याची कारणं तीन आहेत.

पहिलं कारण पातळीचं. नव्वदच्या दशकापासून गाणी सीडीवर अधिकाधिक दाबून, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करून, भरायची चढाओढ लागली. त्यामुळे आजचं गाणं आणि सत्तरच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणाची पहिली सीडी एकाच व्हॉल्यूमवर लावली, तर सहा-सात डेसिबलचा फरक सहज पडतो. कान हळू आवाजात खर्ज कमी पकडतो. म्हणून हळू वाजणारं गाणं फक्त हळू नाही, तर पोकळ वाटतं.

दुसरं कारण तबकडीचं. खर्ज जितका जोरदार, तितकी खाच रुंद आणि नागमोडी होते आणि सुई उडण्याची भीती वाढते. साठच्या दशकातले तंत्रज्ञ म्हणून खर्ज हात राखून ठेवायचे. तिसरं कारण अगदी साधं: फोनच्या स्पीकरमधून बास गिटार जवळपास ऐकूच येत नाही. नव्या गाण्यांचं मिक्सिंग करताना ते छोट्या स्पीकरवरही तपासलं जातं. जुनी गाणी बनली तेव्हा फोनचा स्पीकर अस्तित्वातच नव्हता.

आता करायचं काय? ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन’ चालू करा. स्पॉटिफायवर ते साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) या पातळीला गाणी आणतं. तरी जुनं गाणं थोडं हळू राहू शकतं, कारण त्यातले ढोलाचे ठोके उंच उसळतात आणि ते फाटू नयेत म्हणून ॲप हात आखडता घेतं. अशा वेळी व्हॉल्यूम दोन-तीन घरं वर न्या. कानभर बसणारे हेडफोन वापरा. आणि इक्वलायझरचा ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. त्यानं बास गिटारच्या वळणाऐवजी नुसता गुंजारव वाढतो.

एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसतात, त्यातली कोणती? ‘रीमास्टर’ म्हणजे तयार मिश्रणावर केलेली शेवटची डागडुजी. ‘रीमिक्स’ म्हणजे मूळ ट्रॅक, म्हणजे वाद्यांची आणि आवाजाची वेगवेगळी मुद्रणं, सुटे करून पुन्हा जुळवलेले. निवडताना एकाच कडव्याची तीस-चाळीस सेकंदं दोन्हींत ऐका, मात्र आधी दोन्हींचा आवाज कानानं सारखा करून घ्या. हे केलं नाही तर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, आणि जास्त दाबलेली आवृत्ती जिंकते.

आणि हे सगळं करूनही मुलाला गाणं आवडलं नाही, तर ते मान्य करा. त्यानं आता गाणं नीट ऐकून मत दिलेलं असेल.

प्रश्न: मी एकाच कानात इअरबड घालून ऐकते. बीटल्सच्या काही गाण्यांत गायकाचा आवाजच येत नाही, नुसती वाद्यं. फाइल खराब आहे का?

फाइल उत्तम आहे. बीटल्सचे पहिले दोन अल्बम १९६३ मध्ये दोन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित झाले. ढोबळमानानं एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हेतू स्टिरिओचा नव्हताच. दोन्हींचा तोल साधून एक मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखंच वाजणारं, मिश्रण करायचं होतं, कारण तेव्हा बहुतेक लोक मोनोच ऐकायचे. त्याच टेपवरून स्टिरिओ आवृत्ती काढली, तेव्हा वाद्यं एका बाजूला आणि गाणारे दुसऱ्या बाजूला गेले. पुढे चार ट्रॅक आले, तरी १९६५ च्या ‘रबर सोल’मध्येही गायन बरंचसं उजवीकडेच सापडतं.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ‘मोनो ऑडिओ’ नावाची कळ असते, ती चालू कर. दोन्ही बाजू एकत्र होऊन तुझ्या एका कानात येतील. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ मोनो मिश्रण ऐकणं. ते २००९ मध्ये संचरूपानं पुन्हा निघालं. ‘रिव्हॉल्व्हर’ ऐकायचा असेल तर २०२२ चं रीमिक्स घे. एकाच ट्रॅकवर चिकटून बसलेली वाद्यं त्यासाठी संगणकाच्या मदतीनं सुटी केली आणि मग नव्यानं मांडली. ढोल मधोमध आल्यावर हीच गाणी किती तगडी आहेत ते कळतं. दोन्ही कान मोकळे असतील तेव्हा मात्र मोनोची कळ बंद करायला विसरू नकोस, नाहीतर सत्तरच्या दशकातल्या अल्बमांतला सगळा पसारा एका बिंदूत गोळा होईल.

प्रश्न: माझी मुलगी जुनी गाणी रील्स आणि मालिकांमधून शोधून काढते. पंधरा सेकंदं ऐकून ‘हे माझं आवडतं गाणं’ म्हणते. याला ऐकणं म्हणायचं का?

सुरुवात म्हणून नक्कीच म्हणायचं. फ्लीटवूड मॅकचं १९७७ चं ‘ड्रीम्स’ २०२० मध्ये एका स्केटबोर्डवरच्या छोट्या व्हिडिओमुळे अमेरिकेच्या हॉट १०० यादीत परतलं. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेनंतर ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. (केट बुशला काटेकोरपणे रॉकमध्ये बसवता येणार नाही, पण नव्या पिढीला या खणांची पर्वा नाही आणि ते बरंच आहे.) त्याच मालिकेमुळे मेटॅलिकाचं १९८६ चं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हॉट १०० मध्ये पहिल्यांदाच शिरलं. पूर्वी हे काम रेडिओ आणि सिनेमा करायचे. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ १९९२ मध्ये अमेरिकेत पुन्हा वर चढलं ते एका विनोदी चित्रपटामुळेच.

अडचण दुसरीकडे आहे. रील्सवर अनेकदा मूळ गाणं नसतं, वेग वाढवलेलं किंवा रेंगाळवलेलं रूप असतं. वेग सव्वापट केला की सूर जवळजवळ चार अर्धस्वर वर सरकतो. षड्ज थेट शुद्ध गंधाराच्या जागी जाऊन बसतो. गायकाच्या आवाजाची जात बदलते, ढोलाचं वजन उतरतं. मग मूळ गाणं ऐकल्यावर ते ‘मंद’ वाटतं. तेव्हा मुलीला एवढंच सुचवा: यादीत गाणं टाकताना कलाकाराच्या नावाखाली अल्बम आणि साल बघ. नावापुढे ‘स्पेड अप’, ‘स्लोड’ किंवा ‘मेड फेमस बाय’ असेल, तर ते मूळ नव्हे.

कधी नावच चकवतं. द हूच्या १९७१ च्या एका गाण्याला बरेच जण ‘टीनएज वेस्टलँड’ म्हणतात, कारण ते शब्द त्यात सतत येतात. गाण्याचं नाव आहे ‘बाबा ओ’रायली’. त्यातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. बँडचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनझेंड त्यांचा अनुयायी. आणि ‘रायली’ म्हणजे संगीतकार टेरी रायली, ज्याच्या फिरत्या आवर्तनांचा ठसा सुरुवातीच्या ऑर्गनवर आहे.

प्रश्न: ही गाणी सुरू व्हायलाच किती वेळ घेतात! मी दुसऱ्या मिनिटाला पुढे ढकलतो. काही युक्ती आहे?

ढकलू नकोस, निवड बदल. लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’मध्ये ढोल चार मिनिटांनंतर येतो. फिल कॉलिन्सच्या १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये तो प्रसिद्ध ढोलांचा कोसळ यायला साडेतीन मिनिटं लागतात. आधीची शांतता वगळली तर त्या ठोक्यांत काही उरत नाही; गाण्याचा सगळा हिशेब त्या थांबण्यावर बेतलेला आहे. २०२० मध्ये दोन तरुण भावांनी ते पहिल्यांदा ऐकतानाचा व्हिडिओ टाकला. तो क्षण आल्यावर दोघं दचकले, आणि लाखो लोकांनी तेच पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणजे संयम तुमच्या पिढीत नाही, हे आम्हाला पटत नाही.

सुरुवात तुझ्या आजच्या आवडीपासून कर. हिप-हॉप ऐकत असशील तर लेड झेपेलिनचं १९७१ चं ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. ढोल एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या दालनात ठेवला, दोन माइक वर जिन्यात टांगले, आणि त्या घुमाऱ्यासकट जे मिळालं ते पुढे हिप-हॉपमध्ये अनेकांनी उचललं. बीस्टी बॉइजनं १९८६ मध्येच. मेटल आवडत असेल तर ब्लॅक सॅबथचे १९७० आणि १९७१ चे अल्बम. इलेक्ट्रॉनिक आवडत असेल तर पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं ‘ऑन द रन’: १९७३ मध्ये सिंथेसायझरच्या सीक्वेन्सरवर भरलेले आठ स्वर, वेग वाढवून फिरवत ठेवलेले.

तो शेवटचा अल्बम मात्र तुकड्यांत ऐकू नकोस. दहा गाणी, सुमारे त्रेचाळीस मिनिटं, आणि बहुतेक गाणी एकमेकांत मिसळतात. शफल बंद कर. ‘क्रॉसफेड’ (एक गाणं विरताना दुसरं सुरू करणं) शून्यावर आण आणि ‘गॅपलेस’ (गाण्यांमध्ये खंड न पाडणं) चालू ठेव. क्रॉसफेड चालू असेल तर मुळातच जोडलेल्या जागांवर ॲप आणखी एक जोड चढवतं आणि सगळं गढूळ होतं. एका बैठकीत जमत नसेल तर पाचव्या गाण्यानंतर थांब. तिथे तबकडीची पहिली बाजू संपायची आणि श्रोता उठून ती उलटायचा, त्यामुळे तिथला खंड गाण्यांना मानवतो.

प्रश्न: निर्वाणा ‘क्लासिक रॉक’ आहे का? मित्रांत वाद आहे.

हा शब्द ऐंशीच्या दशकात अमेरिकी रेडिओ केंद्रांनी रुळवला. तेव्हा ‘स्टेअरवे’ला जेमतेम चौदा-पंधरा वर्षं झाली होती. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ चा आहे, आणि आज तीच केंद्रं तो वाजवतात. रेडिओच्या अर्थानं हो, शैलीच्या अर्थानं नाही.

प्रश्न: मुलं म्हणतात, या बँडनी कृष्णवर्णीय कलाकारांचं संगीत उचललं आणि स्त्रियांबद्दल वाटेल ते लिहिलं. काय उत्तर द्यावं?

उत्तर असं, की मुलं बऱ्याच अंशी बरोबर आहेत. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’वरून ब्लूजचे गीतकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा केला, तो न्यायालयाबाहेर मिटला आणि पुढच्या आवृत्त्यांवर डिक्सन यांचं नाव आलं. वर सांगितलेलं ‘लेव्ही’ मुळात मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांनी १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. तिथे मात्र मिनी यांना पहिल्यापासून श्रेय होतं. रोलिंग स्टोन्सनी गुलामगिरीच्या संदर्भातलं १९७१ चं ‘ब्राउन शुगर’ २०२१ च्या दौऱ्यातून स्वतःच वगळलं.

बचाव करत बसण्यापेक्षा मूळ ध्वनिमुद्रण आणि रॉक आवृत्ती पाठोपाठ लावा. काय घेतलं आणि काय नवं घातलं, दोन्ही ऐकू येतं. कृष्णवर्णीय गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प यांची इलेक्ट्रिक गिटार ऐकवा. रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना २०१८ मध्ये घेतलं, निधनानंतर पंचेचाळीस वर्षांनी. ज्या मुलांना हा प्रश्न पडतो, ती आमच्या मते सर्वांत लक्ष देऊन ऐकणारी मुलं आहेत.

प्रश्न: वाढदिवसाला मिळालेल्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरवर नवी एलपी लावायला भीती वाटते. ती खरंच खराब होते?

अशा स्वस्त प्लेअरमध्ये सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) असतं आणि सुईचा भार पाच-सहा ग्रॅम. मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते दोन ग्रॅमवर चालतं. चार वेळा वाजवल्यानं तबकडी वाया जात नाही, पण रोजच्या वापरात खाचांची झीज लवकर होते. नवा घेताना भार बदलता येणारा, मागे वजन असलेला घे. लावताना आधी ते वजन फिरवून दांडी हवेत आडवी तरंगते असं कर, मग त्यावरची आकड्यांची चकती शून्यावर आण, मग वजन आणि चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजवर सांगितलेला भार दे. सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून असलेली ‘अँटी-स्केट’ची चकतीही त्याच आकड्यावर ठेव.

फोनो प्रीॲम्प, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग, एकदाच लागतो. मुळीच नसेल तर आवाज क्षीण आणि खर्जाविना येतो. प्लेअरमधला चालू ठेवून वायर ॲम्पच्या ‘फोनो’ जागेत खुपसली तर आवाज फाटतो.

प्रश्न: गिटारवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजवतो, पण मूळसारखं लागत नाही. फ्रेट बरोबर आहेत.

बहुधा तू पिक घेऊन जाड तारांवर पॉवर कॉर्ड वाजवतो आहेस. त्यात पंचमाचं अंतर असतं. मूळ गाणं वाजवणारा, डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर चतुर्थाचं वाजवतो. डी आणि जी या चौथ्या-तिसऱ्या तारा घे. दोन्हींवर फ्रेट सारखेच: ०-३-५, मग ०-३-६-५, मग ०-३-५-३-०. पिक बाजूला ठेव आणि अंगठा व तर्जनीनं दोन्ही तारा एकदम उचल. पिकनं त्या एकापाठोपाठ वाजतात आणि रिफची, म्हणजे परत परत येणाऱ्या या तुकड्यांची, धार जाते.

डिस्टॉर्शन अर्ध्याच्या खाली आण. फार वाढवलं तर दोन स्वर एकमेकांत विरघळतात. लयीची चूक बहुतेकांची दुसऱ्या तुकड्यात होते. तो ठोक्यावर नाही, ठोक्याच्या आधी अर्ध्या मात्रेवर सुरू होतो. मेट्रोनोम ७० वर लावून पायानं ठोका धर, तुकडा तोंडानं म्हण, मगच तारांना हात लाव. तिथून चार-चारनं वाढवत ११२ च्या आसपास गेलास की मूळ ध्वनिमुद्रणासोबत वाजवता येईल. मधल्या विरामांत उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकव, नाहीतर मोकळ्या तारा गुंजत राहतात.