स्वादुपिंडाचं ऑपरेशन आणि साखरेची धास्ती

ताई, स्वादुपिंडाच्या शेपटीकडे गाठ, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, आणि कराडात भेटेल तो म्हणतोय की आता जन्मभर इन्सुलिन. त्यापायी ऑपरेशन लांबवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी तासगावकडचा, द्राक्षबागवाला. माझीही शेपटीच काढली, प्लीहेसकट (शेपटीला लागून असलेला, जंतूंशी लढणारा अवयव), आणि मला साखर झाली. तरी सांगतो, निव्वळ साखरेच्या भीतीने तारीख पुढे ढकलू नका. गाठीबद्दलच शंका असेल तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनला जरूर दाखवा. स्वादुपिंडाची ऑपरेशनं नेहमी होतात असं हॉस्पिटल निवडा, मग मिरजेला असो की पुण्याला. 'वर्षाला अशी किती करता?' हे विचारायला संकोच नको, चांगला सर्जन त्याचा राग मानत नाही.

सर्जनला विचारायचा दुसरा प्रश्न म्हणजे नेमकं किती काढणार. पूर्ण स्वादुपिंड काढलं तर मधुमेह होणारच, कारण इन्सुलिन करणाऱ्या पेशी शरीरात दुसरीकडे नाहीत. तुमचं तसं नाही. शेपटीकडे या पेशी जरा दाट असतात हे खरं, पण आधी साखर नॉर्मल असेल तर उरलेला भाग बहुतेकांचं काम निभावून नेतो. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, वजन जास्त आहे किंवा स्वादुपिंडाला जुनी सूज आहे, त्यांना धोका जास्त. माझी काठावरच होती.

म्हणून आत्ताच एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 पासून पुढे मधुमेह, मधलं ते काठावरचं. पण अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवतो, आणि आपल्याकडच्या बायकांत ते फार आढळतं. त्यामुळे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखरही बघा. ऑपरेशननंतर आयसीयूत इन्सुलिन लावलं तर घरच्यांनी रडारड करू नये. मोठ्या ऑपरेशनच्या ताणाने साखर चढते, ती पुष्कळदा आपोआप खाली येते. खरं चित्र काही आठवड्यांनी कळतं. तेव्हा नॉर्मल आली तरी वर्षातून एकदा तपासत राहायचं, कारण काहींना मधुमेह उशिराने होतो.

आणि झालाच तर? सगळे साखर वाढण्याला घाबरतात. आपल्यासारख्यांनी ती एकदम उतरण्याला जास्त जपायचं. स्वादुपिंड इन्सुलिन करतं तसं साखर वर आणणारं ग्लुकागॉनही तेच करतं, आणि ऑपरेशनमध्ये दोन्हीला कात्री लागते. या मधुमेहाला टाइप 3सी म्हणतात. गावातले डॉक्टर नेहमीचा मधुमेह समजून औषध वाढवतील, तर आधी ऑपरेशनचा कागद पुढे ठेवा. मला ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत, जेवण लांबलेलं असताना, बागेतच घाम फुटला आणि हातातली कात्री थरथरायला लागली. 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि मग काहीतरी खायचं. आमच्याकडे बेदाण्याला तोटा नाही, पण बेदाणे चावत बसण्यात वेळ जातो, म्हणून खिशात ग्लुकोज पावडर. इन्सुलिन चालू असताना संकष्टीचा कडक उपवास डॉक्टरांना न विचारता धरू नका. इन्सुलिनचं पेन उन्हात गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवायचं नाही.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते सांगतो. मला रोजचा त्रास साखरेपेक्षा पचनाचा जास्त झाला. स्वादुपिंडाचा पाचक रस कमी पडला की शौचाला तेलकट, चिकट, घाण वासाची होते, पोट फुगतं, वजन उतरत जातं. पाहुणे म्हणतात तेल-तूप बंद कर, भात बंद कर, कारल्याचा रस घे. त्यांचं ऐकलंत तर अंगावर हाडंच राहतील. असा त्रास होतोय हे डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका. ते पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. त्या जेवणाआधी तासभर घेऊन उपयोग नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवण मोठं असेल तर एखादी मध्येही. मिसळ, भजी असं तेलकट खाल्लं तर डोस किती वाढवायचा हे विचारून ठेवा. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. आमचं घर माळकरी, त्यामुळे घरात बरीच चर्चा झाली. शेवटी औषध म्हणून घ्यायचं ठरलं. तुमच्या घरी काय पटेल ते तुम्ही ठरवा, पण हे हॉस्पिटलच्या बिछान्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. आणखी एक: एन्झाइम सुरू झाल्यावर अन्न नीट अंगी लागतं, त्यामुळे साखर थोडी वर जाऊ शकते. तेव्हा कॅप्सूल बंद करायची नाही, साखरेच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून जुळवून घ्यायचा.

तोवर घरात बसून काळजी करण्यापेक्षा रोज चाला, आणि डाळ, उसळ, अंडी, दूध, जे चालत असेल ते पोटात जाऊ द्या. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं तीन गोळ्यांचं यंत्र मिळतं, त्याचा सराव आत्तापासून करा, नंतर पोटावर टाके असताना शिकायला जड जातं. घरात कोणाची तंबाखू-मिश्री असेल, खास करून तुमचीच, तर आजच थांबवा.

प्लीहा काढणार की वाचवणार, हेही याच आठवड्यात विचारा. काढायची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंवरच्या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, आणि तुमच्याकडे जेमतेम तेवढाच वेळ आहे. प्लीहा गेल्यावर थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. हे तुमच्यापेक्षा तुमच्या मालकांना आणि मुलांना पाठ असू दे.