मेटॅलिकाच्या गाण्यांचे शब्द खरंच घसरले आहेत का?

प्रश्न: मेटॅलिकाचा 2023 चा अल्बम '72 सीझन्स' तीन-चारदा ऐकला. वाजवणं अजून दणदणीत आहे, पण शब्द सपाट वाटतात. 'मास्टर ऑफ पपेट्स' लिहिणारा माणूस हाच का? की मी चाळिशीचा झालो म्हणून मला तसं वाटतंय?

उत्तर: माणूस तोच, या अमेरिकी हेवी मेटल बँडचा गायक आणि गीतकार जेम्स हेटफील्ड. तुमच्या चाळिशीचा दोष थोडा आहे, त्याबद्दल शेवटी. शब्द घसरले आहेत, पण मुंबईतला प्रत्येक जुना मेटलवाला त्याचं जे कारण छातीठोकपणे सांगतो ते साफ चूक आहे. 'काळ्या अल्बमपासून तो स्वतःचं रडगाणं गायला लागला आणि वाट लागली' हे मी मुंबईत रंगभवनला रॉकचे कार्यक्रम व्हायचे त्या दिवसांपासून ऐकतोय. (काळा अल्बम म्हणजे काळ्या मुखपृष्ठाचा, बँडच्याच नावाचा अल्बम.) 'फेड टू ब्लॅक' 1984 चं आहे. बॉस्टनमध्ये बँडचं सामान चोरीला गेल्यानंतरच्या उदासीतून आलेलं. 'डायर्स ईव्ह' 1988 चं, आईवडिलांना लिहिलेलं संतापाचं पत्रच आहे ते. म्हणजे काळा अल्बम 1991 मध्ये येण्याच्या सात वर्षं आधीपासून तो स्वतःबद्दल लिहीत होता, आणि उत्तम लिहीत होता.

कुठलंही गाणं घ्या आणि आधी एवढंच शोधा, की यात बोलतंय कोण? 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये खुद्द नशा बोलते, समोर व्यसनी माणूस आहे. 'डिस्पोजेबल हीरोज'मध्ये कधी सैनिक बोलतो, कधी त्याला पुढे ढकलणारा वरिष्ठ. 'वन'मध्ये हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलेला आणि तरी शुद्धीवर असलेला सैनिक आहे. बोलणारा पक्का असला की शब्द साधे असले तरी चालतात, कारण पुढची ओळ तोच ओढून आणतो.

हे महत्त्वाचं का, तर मेटॅलिकात शब्द सगळ्यात शेवटी येतात. गदिमांची कविता आधी आणि बाबूजींची चाल नंतर, यावर आपले कान वाढलेत. इथे उलटं. आधी रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, मग ड्रम्स, मग हेटफील्ड 'ना-ना-ना' करत गायची चाल शोधतो आणि उरलेल्या फटींत शब्द कोंबतो. चालीवर लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, सहा अक्षरांची जागा असली की सहाच अक्षरं मिळतात. विषय ठरलेला नसेल तर त्या जागी जे यमक जुळतं ते बसतं. 'एंटर सँडमॅन'चे शब्द पहिल्यांदा पाळण्यात दगावणाऱ्या बाळांवर होते. निर्माता बॉब रॉक आणि ड्रमर लार्स उलरिक दोघांनी सांगितलं की संगीताच्या मानाने शब्द कमी पडतायत. त्याने ते परत लिहिले. लिहिणारा एक आणि टोकणारे दोन, ही व्यवस्था झकास होती.

खरी मोडतोड झाली 'सेंट अँगर'मध्ये, 2003 साली. बेसवादक जेसन न्यूस्टेड जानेवारी 2001 मध्ये निघून गेला. त्याच वर्षी हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी गेला, परतला तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करायचं अशी अट घेऊन. संगीत तासन् तास जॅम करून, म्हणजे आधी न ठरवता एकत्र वाजवून, मग प्रो टूल्स या सॉफ्टवेअरवर तुकडे कापून जोडलेलं. आणि शब्द? सगळ्यांनी मिळून. कागद घेऊन बसायचं, प्रत्येकाने ओळी लिहायच्या, त्यातल्या निवडायच्या. या सगळ्यावर निघालेल्या माहितीपटात दिसतं की बँडसाठी नेमलेला समुपदेशकसुद्धा ओळी सुचवत होता. श्रेय हेटफील्ड, उलरिक, गिटारवादक कर्क हॅमेट आणि रॉक अशा चौघांना आहे. परिणाम असा की सुमारे 75 मिनिटांत बोलणारा एक माणूस सापडत नाही. एक ओळ राग व्यक्त करते, पुढची उपदेश करते, तिसरी नुसती घोषणा असते. जगण्याची रीत मरणाची रीत ठरवते, अशा अर्थाची ती प्रसिद्ध ओळ टी-शर्टवर शोभेल, पण गाण्यात ती कुणाच्या तोंडची, हे कळत नाही. समितीने अर्ज लिहावा, गाणं लिहू नये.

2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक'पासून शब्द पुन्हा एकट्या हेटफील्डकडे आले आणि सुधारणा लगेच दिसते. (2011 चा 'लुलू' यात धरू नका, तिथे शब्द गायक लू रीडचे.) पण तोवर 'फटीत यमक' ही सवय लागली होती. '72 सीझन्स'मधलं 'लक्स इटर्ना' ऐका. 'अँटिसिपेशन', 'डॉमिनेशन', 'मॅग्निफिकेशन', नुसत्या 'शन'ची रांग. आता कुणी म्हणेल, 1988 च्या 'ब्लॅकन्ड'मध्येही 'शन'ची रांग आहेच. आहे. पण तिथे पृथ्वी मरतेय, आणि प्रत्येक शब्द त्या शेवटाकडे एक पाऊल टाकतो. नव्या गाण्यात त्यांची जागा बदलली तरी काही बिघडत नाही.

हीच परीक्षा घरी करा. एक जुना, एक नवा असे दोन अल्बम पूर्ण घ्या. जुन्यातली निवडक आणि नव्यातली सगळी, अशी तुलना अजिबात नको. ध्रुवपद एकदाच लिहून काढा, नाहीतर पुनरुक्तीने हिशोब फसतो. जे डोळ्यांनी दिसतं किंवा हाताला लागतं त्या शब्दांभोवती गोल करा. मग कडव्यातल्या दोन ओळींची अदलाबदल करून बघा. फरक पडला नाही, तर ती ओळ भरतीची. विरारहून चर्चगेट फास्ट धरली तर 77 मिनिटांचा '72 सीझन्स' उतरेपर्यंत जवळजवळ पूर्ण होतो, एका फेरीत एवढं काम होतं.

आणि हे करताना 'स्क्रीमिंग सुइसाइड' आणि 'इनामोराटा' वगळू नका. पहिल्यात आत्महत्येचा विचार स्वतः बोलतो, माझं नाव घेऊ नकोस म्हणून धमकावतो. 1986 च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये नशा बोलत होती, तीच रचना. दुसऱ्यात दुःख प्रेयसी झालंय, अकरा मिनिटांच्या वर चालतं आणि एकही मिनिट ढिलं पडत नाही. अल्बमचं नाव म्हणजे आयुष्याची पहिली अठरा वर्षं. हेटफील्डची आई कॅन्सरने गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, आणि श्रद्धेपोटी तिने उपचार नाकारले होते. हा विषय 1991 च्या 'द गॉड दॅट फेल्ड'मध्ये धारदार झाला होता, इथे अधूनमधूनच होतो.

आता चाळिशीचं. सोळाव्या वर्षी वहीत कानाने ऐकून उतरवलेले शब्द आतून पाठ असतात, नव्यांना ती संधी आपण देत नाही. तेवढी सूट त्यांना द्याच. शिवाय 2019 मध्ये तो पुन्हा व्यसनमुक्तीसाठी गेला होता. चांगल्या ओळींसाठी त्याने पुन्हा होरपळावं, असं मला कधीच म्हणायचं नाही.

'रॉकमध्ये शब्दांना कोण विचारतो, 'ओरायन' ऐक, त्यात शब्दच नाहीत' असं सांगणारा एक मित्र दादरला आहे, तुमच्याही ओळखीत असेल. त्याला दाखवा की 'ओरायन' त्याच 'मास्टर ऑफ पपेट्स' अल्बमवर आहे ज्यावर 'डिस्पोजेबल हीरोज' आहे. जिथे बोलणारा नव्हता तिथे त्यांनी शब्द घातलेच नाहीत. 2003 मध्ये हेच करायचं राहून गेलं.