सगळं समजतं पण हात वळत नाही, तेव्हा काय करायचं? खापरावरच्या मांड्यांवरून सांगते

तुम्ही लिहिलंय की अडतिसाव्या वर्षी सुतारकाम शिकायला घेतलंय, डोक्याला सगळं समजतं पण हात वळत नाही, आणि सोडून द्यावंसं वाटतं. एखादी अवघड कला अगदी पहिल्यापासून शिकलेल्यांना त्यातून आयुष्याबद्दल काय कळलं, असा तुमचा प्रश्न आहे. मी साधारण तुमच्याच वयात खापरावरचे मांडे करायला शिकले, तेवढ्या अधिकाराने उत्तर देते.

माझं माहेर पुण्याचं आणि सासर अमळनेर तालुक्यातलं. पुरणपोळी मला येत होती, पण ती पोळपाट-लाटण्यावरची. खान्देशातला मांडा हे वेगळंच प्रकरण आहे. कणीक खूपच सैल, पुरण भरपूर. पोळपाटावर नावापुरतं लाटायचं आणि थेट हातांवर घ्यायचं. या हातावरून त्या हातावर झुलवत मांडा वाढत जातो, तळव्यापासून कोपरापर्यंत पसरतो, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका दमात टाकला जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर पुजतात, लेकी माहेरी येतात आणि घरोघरी आमरसाबरोबर हेच असतं. सवयीची बाई हे इतक्या सहज करते की बघणाऱ्याला वाटतं, सगळं कसब त्या झुलवण्यातच आहे.

तसं अजिबात नाही, आणि मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. मांडा फाटतो हातावर, पण फाटायचं कारण बहुतेक वेळा आदल्या दिवशीचं असतं.

कसं ते जरा सविस्तर सांगते. मांड्यांसाठी गहू धुऊन, ओल्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवतात. त्यामुळे गव्हाचं टरफल चिवट होतं आणि दळताना त्याची भुकटी न होता मोठे पापुद्रे निघतात. ते चाळणीत अडकतात. दळण घेऊन जाताना गिरणीत आधी बाजरी-ज्वारी पडली नाही ना, हे विचारून घ्यायचं. मग ते पीठ पातळ कापडातून गाळायचं. खाली जे पडतं ते मांड्याचं, वर उरतो तो रवा आणि कोंडा. एवढा खटाटोप कशासाठी? तर कणीक ताणली जाते ती गव्हातल्या ग्लूटेनच्या जाळ्यामुळे, आणि कोंड्याचा बारीकसा कण त्या जाळ्यात आला की तो सुरीसारखा काम करतो. पोळपाटावरच्या पोळीत तो कण खपून जातो. हातावरच्या मांड्यात तिथेच भोक पडतं.

पुढे तिंबणं. मीठ घालून, थोडं थोडं पाणी देत, परातीत आपटून आपटून कणीक मळायची आणि झाकून ठेवायची. मिठाने ते जाळं घट्ट होतं, मुरल्याने सैलावतं, आणि दोन्ही लागतं. आमच्या मोठीमाय, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतआई, कणकेचा गोळा दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरायच्या. पातळ पडदा न तुटता लांबला तरच पुढे. नाहीतर अहिराणीत एवढंच म्हणायच्या, "आजून नई व्हयनं," आणि परात परत माझ्याकडे सरकवायच्या.

पुरणाचंही तसंच. डाळ शिजली की कट निथळून रशीला, म्हणजे आमटीला, जातो, गूळ घालून पुरण आटतं, पाट्यावर किंवा यंत्रात वाटलं जातं. ते कणकेइतकंच मऊ हवं. पुरण घट्ट राहिलं तर मध्ये गोळा बसतो आणि कडा एकट्याच पळतात, सैल झालं तर बाहेर येतं. हे एवढं जमलेलं असेल तर झुलवताना फार काही करावं लागत नाही. बांगड्या मागे सारायच्या, अंगठ्या काढायच्या, नखं कापलेली हवीत, बोटं मिटलेली. मांडा ओढायचा नसतो. तो आपल्याच वजनाने वाढतो, हात त्याला फक्त जागा देत राहतात.

म्हणून आता कुठलंही काम अडलं, घरातलं किंवा बँकेतलं, की मी आधी एक-दोन पायऱ्या मागे जाऊन बघते. माझ्या टेबलावर दिसणारा घोळ पुष्कळदा तिथे तयार झालेला नसतो. माणसांच्या बाबतीतही मला हे पटलंय. संध्याकाळी मुलगा एवढ्यातेवढ्यावरून चिडतो, तेव्हा ते सकाळचं असतं.

दुसरी गोष्ट मोठेपणी शिकणाऱ्यालाच लागू आहे. आपण आपल्या नोकरीत मुरलेले असतो, लोक आपल्याला विचारून कामं करतात. आणि इथे सत्तरीची बाई आपल्याला चुलीपाशी बसवते. खान्देशात मांडे सहसा कुणी एकटीने करत नाही. एक गोळे भरते, एक हातावर वाढवते, एक भाजून घडी घालते, आणि नवीन सुनेकडे चुलीचा जाळ सांभाळायचं काम येतं. मला वाटलं होतं, शिकायचं सोडून हे काय. पण जाळ हीच पहिली शाळा आहे. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, भर्रकन पेटतात आणि विझतात, बाभळीचं लाकूड टिकून जळतं. खापर पालथं असल्याने आच कडेपर्यंत फिरली पाहिजे, नुसतं मधलं तापलं की मांड्याची कड कच्ची राहते. पाण्याचा शिपका मारून ताप ओळखायचा. "लाकडं मांगे वढ," "आते टाक" हे ऐकत जाळाशी बसलेल्या बाईला मांडा भाजला जाताना सगळ्यात जवळून दिसतो. कुठला फुगला, कुठला करपला, त्याआधी खापर कसं होतं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे घडतं. मधल्या जागी बसायची घाई केली असती तर हे मला कधीच दिसलं नसतं. आज कुणी कमी महत्त्वाचं काम दिलं तर मी ते आनंदाने घेते, कारण तिथून काय काय दिसतं हे मला माहीत आहे.

खापराबद्दल एक सांगायलाच हवं. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, म्हणून ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या मुक्ताबाईचं समाधिस्थान आमच्याच जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यात आहे. 1297 साली ती तापीकाठी गुप्त झाली असं मानतात. मांडे शिकल्यावर मला त्या कथेतली कोंडी नीट समजली. कुंभाराने खापर दिलं नाही तर घरात गहू, गूळ, डाळ, कसब सगळं असूनही बाई काही करू शकत नाही. आपली कला म्हणून आपण जे मिरवतो त्यात कुंभार असतो, गिरणीवाला असतो, शेतातून पऱ्हाट्या उपटून आणणारा असतो. ही जाणीव मला फार मोलाची वाटते, आणि ती करून बघितल्याशिवाय आली नसती.

आता तुमच्या अडचणीकडे येते. समजतं पण हात वळत नाही, याचं एक कारण असं असू शकतं की तुमचे गुरू जे सांगतात ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं त्यांच्या हातात आहे आणि ते त्यांनाही शब्दांत मांडता येत नाही. मोठीमायना मी "किती पाणी घालू?" विचारायचे तेव्हा त्या "लागेल तेवढं" म्हणायच्या. यात लपवाछपवी नव्हती, त्यांना खरंच तेवढंच सांगता येत होतं. मग मी प्रश्न बदलला. त्या थांबल्या की लगेच विचारायचे, "आत्ता काय दिसलं तुम्हाला?" तेव्हा उत्तरं यायला लागली. कणकेची चकाकी गेली, कडेला बारीक चिरा दिसल्या, परातीतून सुटताना आवाज वेगळा आला. मापं त्यांच्याजवळ नव्हती, खुणा मात्र भरपूर होत्या, आणि मला खुणाच हव्या होत्या.

तुमच्या मिस्त्रींनाही असंच विचारून बघा. आमच्या गल्लीतले मिस्त्री सांगतात की रंधा मारताना लाकूड उचकटलं तर आधी पात्याची धार बघायची आणि लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेने जातात ते बघायचं. म्हणजे तुमच्याकडेही फाटतं एकीकडे आणि कारण दुसरीकडे. पुढचे थोडे दिवस जोडकाम बाजूला ठेवा आणि त्यांच्या पटाश्यांना, रंध्यांना धार लावायचं काम मागून घ्या. धार झाली की त्यांच्या हातात द्या, ते अंगठ्याने चाचपून बघतील, आणि तेव्हाच विचारा की अंगठ्याला काय लागलं.