तालमीतल्या शालेय कुस्तीचे फोटो धूसर आणि लालसर येतात. सेटिंग काय ठेवू?

शटरचा वेग १/५०० सेकंदाहून हळू नेऊ नका, अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) लेन्सला जमेल तितकं उघडा आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००-६४०० पर्यंत बिनधास्त चढवा. धोबीपछाड किंवा ढाक असा डाव लागतो तेव्हा हातपाय इतके झपाट्याने फिरतात की १/१२५ ला नुसते फराटे उमटतात. जास्त आयएसओने दाणे आलेला फोटो वापरता येतो, हललेला नाही. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) झूम केली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ वर अडकतं, त्याहून उघडत नाही; त्यापेक्षा जास्त उघडणारी ५० मिमी एफ १.८ लेन्स घेऊन हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेला खाली बसा, म्हणजे पोरांचे चेहरे दिसतील. पंचांच्या पाठीमागे मात्र नको. फ्लॅश बंद, डोळ्यांवर चमकला की पकड सुटते. लालसरपणा मातीचा आहे, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) तिला फसतो. पांढऱ्या कागदावर तो कस्टम सेट करा, रॉमध्ये (रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढलं तर उत्तमच. आणि हौद्याजवळ लेन्स बदलू नका, माती थेट सेन्सरवर बसते.

एक अडचण: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० ला आडवे पट्टे दिसले तर कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी सोय) चालू करा. ती सोय नसेल तर १/१०० वर या आणि सलामी, पकड, निकालाचा हात एवढंच टिपा.